चौदा नंबरचं सॉकेट

ती घटना आठवायला मला जुनी डायरी उघडावी लागत नाही. नोकरीत तपासलेले पुष्कळ गुन्हे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. कुठल्या घरफोडीतला आरोपी कोण, हे विचारलं तर मी हमखास गोंधळतो. या प्रकरणाचं तसं होत नाही. त्यात चाकू नव्हता, चोरी नव्हती, मारामारीही नव्हती. ठाणे शहरातल्या एका गार खोलीत खुर्चीवर बसलेल्या माणसाने एक बटण दाबलं आणि तिकडे डोंबिवलीत एक बाळंतीण गेली. नाव मी कुणाचंच सांगणार नाही, कारण यातली बहुतेक माणसं अजून इथेच राहतात.

माझ्या निवृत्तीला तेव्हा दोन वर्षं उरली होती. ठाण्यातल्या औद्योगिक पट्ट्याच्या पोलीस ठाण्याचा मी वरिष्ठ निरीक्षक. दिवाळी नुकतीच होऊन गेलेली. एका सकाळी डोंबिवलीहून अकस्मात मृत्यूचे कागद आमच्याकडे वर्ग होऊन आले. मी ते उभ्याउभ्या चाळायला घेतले आणि दुसऱ्या पानावर खाली बसलो.

हकिगत अशी. ठाकुर्लीत राहणारी एक बाई डोंबिवलीच्या खाजगी रुग्णालयात बाळंत झाली. पहिलंच बाळंतपण, मुलगी झाली. नंतर रक्तस्राव थांबेना, म्हणून डॉक्टरांनी रक्त मागवलं. रक्त त्याच इमारतीत, तळमजल्यावर फ्रिजमध्ये होतं. पण तिथला सगळा कारभार संगणकावर. नोंद झाल्याशिवाय पिशवी बाहेर द्यायची नाही, असा नियम. दुपारी सव्वा वाजता संगणक बंद पडले. खिडकीवरचा कर्मचारी बाईच्या नवऱ्याला सांगत राहिला, "सिस्टीम येतेय, दोन मिनिटं थांबा." हाताने नोंद करायची वही होती, पण ती कपाटात आणि कपाटाची चावी घेऊन कोणीतरी जेवायला गेलेलं. अशी ती 'दोन मिनिटं' पाऊण तास चालली. अडीचच्या सुमारास ती बाई गेली.

रुग्णालयाच्या हलगर्जीपणाचा भाग वैद्यकीय समितीकडे गेला. आमच्याकडे आला तो प्रश्न एवढाच होता, की संगणक बंद कसे पडले. कारण रुग्णालयाची सगळी माहिती ज्या मशीनवर होती, ते मशीन रुग्णालयात नव्हतंच. ते आमच्या हद्दीतल्या एका डेटा सेंटरमध्ये होतं.

मी तोवर त्या इमारतीवरून रोज जात होतो आणि ते कसलं तरी गोदाम आहे, असं समजत होतो. आत गेल्यावर कळलं. वरच्या मजल्यावर एक बंदिस्त हॉल, त्यात माणसाच्या उंचीच्या लोखंडी कपाटांच्या रांगा आणि कपाटांत मशीनंच मशीनं. कुणाची बँक तिथे, कुणाचं दुकान, कुणाचं रुग्णालय. प्रत्येक कपाटाच्या पाठीला आपल्या घरच्या एक्स्टेंशन बोर्डासारखी एक लांब पट्टी. प्रत्येक सॉकेटला नंबर. गंमत अशी, की कुठलंही सॉकेट खालच्या मजल्यावरच्या कंट्रोल रूममधून, संगणकावरून चालू-बंद करता येतं. मशीन अडकलं की कोणी वर धावत जात नाही. खाली बसून त्याची वीज तोडायची, थोडं थांबायचं, परत जोडायची.

कंपनीच्या मॅनेजरने माझ्यापुढे एक छापील कागद ठेवला. चौदा नंबरचं सॉकेट सव्वा वाजता बंद, एक पन्नासला चालू. दोन्ही वेळा एकाच कर्मचाऱ्याचा आयडी. एक पन्नासला वीज आली तरी मशीन पूर्ण जागं व्हायला आणखी दहा मिनिटं गेली. आयडी ज्या मुलीचा होता, तिला कंपनीने निलंबित करून टाकलं होतं.

"आमच्याकडून सगळं क्लिअर आहे सर," मॅनेजर म्हणाले. "तुम्ही काय घेणार, ग्रीन टी?"

संगणकाने नाव सांगितलंय, आता आणखी काय पाहिजे, असं मलाही वाटलं. हे मी लपवत नाही.

मुलगी कल्याणची, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची. वडील रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. चाळीत दोन खोल्या. घराण्यातली पहिली इंजिनियर. वडील तिला पोलीस ठाण्यात घेऊन आले तेव्हा त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि तिची सगळी प्रमाणपत्रं प्लास्टिकच्या फाइलीत आणली होती. मी ती फाइल उघडली नाही. तिचा मोबाईल आणि लॅपटॉप जप्त केला, पंचनामा केला आणि महिला हवालदारांना शेजारी बसवून चौकशी सुरू केली.

"आयडी तुझाच ना?"

"हो सर."

"पासवर्ड कुणाला दिलास?"

"नाही सर, कुणालाच नाही."

"मग बंद कुणी केलं?"

"माहीत नाही सर. मी जेवून आले, सॉकेट बंद दिसलं, म्हणून लगेच चालू केलं."

दोन दिवस हीच प्रश्नोत्तरं. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. ती काहीतरी राखून बोलते आहे, हे मला कळत होतं. कळायलाच पाहिजे, तीस वर्षं तेच करत आलो होतो. पण माणूस स्वतःचा गुन्हा राखून बोलतो तसाच दुसऱ्याच्या पोटावर पाय येऊ नये म्हणूनही राखून बोलतो, आणि बाहेरून दोन्ही अगदी सारखंच दिसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ठेवणीतलं हत्यार काढलं. कंपनीने तिला 'ग्राहकाची तक्रार आहे' एवढंच सांगितलं होतं. मी मोठ्याने म्हणालो, "ती बाई मेली, कळलं का तुला? ओली बाळंतीण. तुझ्या बटणाने मेली."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. मग तिने विचारलं, "बाळ?"

"बाळ आहे," मी म्हणालो.

मी बाहेर आलो ते मनात खूश होऊन. आता ही फुटणार. महिला हवालदार माझ्या मागोमाग आल्या.

"साहेब, हिने नाही केलेलं."

"कशावरून?"

"असं काही ऐकलं की आरोपी आधी स्वतःचं विचारतो. मला काय होणार, किती वर्षं लागणार, जामीन मिळेल का. हिने पोराचं विचारलं."

मी त्यांना सुनावलं, की तपास असा भावनेवर चालत नसतो. त्या "बरं साहेब" म्हणाल्या आणि आत गेल्या. मी अटकेचे कागद तयार करायला सांगितले. दुसऱ्या दिवशी कोर्टात हजर करून कोठडी मागायची, असं ठरवून टाकलं. अटक झाली असती तर तिच्या नावावरचा डाग पुढे आयुष्यभर पुसला गेला नसता. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची मी पुरती तयारी केली होती.

सकाळी मी पोचलो तेव्हा बाकावर एक साठीची बाई बसली होती. ती डेटा सेंटरमध्ये झाडू-पोछा करणारी. हद्दीतल्याच जुन्या गावठाणातली. ती इमारत उभी आहे तिथे आमचं भाताचं शेत होतं, हे तिने आधी ऐकवलं. मग मुद्द्यावर आली.

"साहेब, त्या पोरीला तुमी कनाला बसवून ठेवलाय? त्या टायमाला ती माझ्याबरोबर जेवत व्हती. माझ्या डब्यातलं जवल्याचं कालवण खाल्लं तिनं. मना कोनी इचारलंच नाय."

"पण मावशी, कॉम्प्युटरमध्ये नाव तिचं आलंय."

"नाव तिचंच येनार! सगलेच तिच्या नावावर काम करतात. सकाली पयली ती येते. दारात उभी ऱ्हाऊन मोबाईलमधला नंबर बघते, कॉम्प्युटर चालू करते. मग दिसभर तो चालूच. कोनी पन बसतो."

मी तिला दोनदा तेच सांगायला लावलं. मग मुलीला बोलावून सरळ विचारलं, आणि तिने मान खाली घालून होकार दिला. संगणकात शिरायला दर वेळी मोबाईलवर आलेला आकडा टाकावा लागे. मोबाईल मात्र कंट्रोल रूममध्ये न्यायला बंदी, तो बाहेरच्या लॉकरमध्ये ठेवायचा. मग प्रत्येकाने दर वेळी लॉकरपर्यंत हेलपाटे घालायचे का? त्यापेक्षा सकाळी जो पहिला येईल त्याने उघडायचं आणि दिवसभर सगळ्यांनी त्यावरच काम करायचं. पहिली येणारी नेहमी ही. सुरक्षेचे दोन्ही नियम कडक होते, आणि दोन्ही मिळून दार सताड उघडं पडलं होतं. मॅनेजरला हे ठाऊक होतं. 'आयडीचा विषय काढू नको, कंपनी तुला सांभाळून घेईल', असं त्यांनीच तिला बजावलं होतं. बाकी चौघांची नोकरी जाईल म्हणून तीही गप्प राहिली होती.

मी अटकेचे कागद खणात टाकले आणि कंपनीत गेलो. या वेळी ग्रीन टी विचारण्याइतपत मॅनेजरची हिंमत झाली नाही. त्यांनी आधी दिलेला कागद हा त्यांनी स्वतः निवडून छापलेला उतारा होता. मी मूळ नोंद जशीच्या तशी मागितली. त्यात एक रकाना जास्तीचा निघाला. सॉकेट बंद करताना कारण लिहावं लागतं, त्याशिवाय संगणक पुढे जात नाही. सव्वा वाजताच्या नोंदीपुढे कारण होतं, 'टेस्ट मशीन रीस्टार्ट'.

मी मुलीला विचारलं, "चौदा नंबरला टेस्टचं मशीन आहे?"

"होतं सर. खंडेनवमीपर्यंत."

"म्हणजे?"

तिने सांगितलं ते मी आजवर कुठल्याच कोर्टात ऐकलेलं नाही. खंडेनवमीला आपल्याकडे कारखान्यात यंत्रांची, हत्यारांची पूजा होते. आम्हीही पोलीस ठाण्यात शस्त्रपूजन करतो. डेटा सेंटरच्या हॉलमध्ये मात्र हळदीकुंकू, उदबत्ती न्यायची सोय नाही. धूर झाला की घंटा वाजतात. चालू मशीन बाहेर काढता येत नाही. म्हणून तिथल्या लोकांनी एक रीत पाडली होती. एक जुनं मशीन होतं, नुसतं चाचणीसाठी ठेवलेलं, कुठल्याच ग्राहकाचं काम त्याच्यावर नव्हतं. दर खंडेनवमीला ते बाहेर काढायचं, पॅसेजमध्ये पाटावर ठेवून झेंडूचा हार घालायचा, आरती करायची आणि परत जागेवर लावायचं. सगळ्या हॉलच्या वतीने पूजा त्या एकट्याची.

"आम्ही पूजा करत नाही सर, आम्ही बौद्ध. म्हणून काढायचं-लावायचं काम दर वर्षी माझ्याकडे. बाकीचे आरतीला."

या वर्षी मशीन बाहेर असताना तिला दिसलं, की शेजारच्या रुग्णालयाच्या मशीनची वायर जिथे लावली आहे ते सॉकेट तापून काळं पडलं आहे. अशा मशीनला विजेच्या दोन वायरी असतात, पण त्याची दुसरी वायर आधीच निकामी होती, नवा भाग यायचा होता. मग तिने रुग्णालयाला कळवून त्यांचं मशीन थोडा वेळ बंद केलं, रिकाम्या, चांगल्या चौदा नंबरवर घेतलं आणि पूजेचं मशीन परत न लावता स्टोअरमध्ये ठेवलं. पाळीच्या रजिस्टरमध्ये लिहिलं. प्रसाद वाटताना सगळ्यांना तोंडीही सांगितलं.

मग चौदा नंबरला अजून टेस्टचं मशीन आहे, असं कोण समजत होतं? ज्याने बटण दाबलं त्याला बदल माहीत नव्हता. म्हणजे तो पूजेला हजर नव्हता. मी पूजेचा फोटो मागवला. कंट्रोल रूममधले तिघे जण कपाळाला टिळा लावून उभे. मुलगी आत हॉलमध्ये. पाचवा माणूस कुठे आहे?

"त्यांना सुतक होतं सर," एक जण म्हणाला. "चुलते वारलेले. तेरा दिवस आलेच नाहीत."

पाचवा माणूस म्हणजे त्या पाळीचे सुपरवायझर. कोपरीत राहणारे, पन्नाशीचे. सगळ्यांत जुने, सगळ्यांत शांत. मी रजिस्टर मागवलं. त्यांच्या गैरहजेरीतल्या प्रत्येक पानावर 'वाचलं' म्हणून त्यांची सही होती. सगळ्या सह्या एका शाईच्या, एका हाताच्या घाईच्या, एका बैठकीतल्या. खंडेनवमीच्या पानावरही होती. वाचून सही करणारा अधिकारी मी आमच्या खात्यातही क्वचितच पाहिला आहे, म्हणून त्यांना हसायचा अधिकार मला नव्हता.

त्यांना मी आवाज चढवून काहीच विचारलं नाही. रजिस्टरचं ते पान उघडून पुढे ठेवलं आणि म्हणालो, "आज तरी वाचा."

त्यांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"साहेब, पाणी मिळेल का?"

पाणी पिऊन ते बोलू लागले. मुलीला त्यांच्या जागी बढती मिळणार होती. पुढच्या महिन्यापासून ते तिच्या हाताखाली.

"मीच शिकवलेलं तिला सगळं. आली तेव्हा तिला प्लग कुठला नि पोर्ट कुठला, ते कळत नव्हतं."

"म्हणून?"

"महिनाअखेरीला तपासणी असते. तिच्या नावावर एक मशीन विसरून बंद राहिलेलं दिसलं असतं. बेजबाबदार म्हणून बढती लांबली असती. एवढंच पाहिजे होतं साहेब. त्या मशीनवर कोणीच नव्हतं. मी मुद्दाम असं निवडलं, की कुणाचं काही नुकसान होऊ नये."

"बंद केल्यावर पडद्यावर काय दिसलं?"

"रुग्णालयाचं नाव लाल झालं."

"किती वेळात?"

"मिनिटभरात."

"मग चालू का नाही केलंत?"

लिहिणाऱ्या हवालदारांनीही मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"पोरं सगळी माझ्या टेबलाशी आली. सर, काय झालं असेल? सर, कुठून बघू? त्यांच्यासमोर मी कसं काय चालू करणार? त्यांना कळलं असतं. मी म्हटलं, नेटवर्क बघा."

आणि ती तीन शहाणी पोरं साप साप म्हणून भुई धोपटत अर्धा तास नेटवर्क तपासत राहिली, कारण सर म्हणाले होते. ज्यांना खरं माहीत होतं ते मधोमध बसून होते. जेवून आलेल्या मुलीने सॉकेटची यादी उघडली तेव्हा कुठे ते सापडलं. बटण दाबण्यात त्यांची चूक झाली, हे एक वेळ मी मानतो. तो अर्धा तास मात्र मला मानता येत नाही. माझा राग अजूनही उतरलेला नाही.

त्यांच्यावर दोषारोपपत्र दाखल झालं. खटला चालू आहे, त्यावर जास्त बोलणं बरं नाही. मॅनेजरची बदली झाली. बहुतेक बढतीवर.

मुलीचा मोबाईल आणि लॅपटॉप परत द्यायचा होता. ते काम शिपायाकडून होण्यासारखं होतं, पण मी स्वतः कल्याणला गेलो. चाळीत शिरल्यापासून दारादारातून लोक बघत होते. त्या पंधरा दिवसांत तिथे काय काय बोललं गेलं असेल, ते मला विचारावं लागलं नाही. बुद्धांच्या तसबिरीखाली तिचे वडील बसले होते. त्यांनी मला खुर्ची दिली. चौकशीत मी त्या मुलीला 'तू' म्हणत होतो, घरात तोंडातून आपोआप 'तुम्ही' निघालं.

"तुमच्यावर काही नाही आता," मी म्हणालो. "आणि त्या दिवशी मी जे बोललो, ते बोलायला नको होतं. माझं चुकलं."

वर्दीतल्या माणसाला हे शब्द जड जातात. मलाही गेले.

ती म्हणाली, "आयडीचं मला काही नाही वाटत सर. पण ती वायर मी हलवली."

"तुम्ही हलवली नसती तर ते सॉकेट जळून मशीन आधीच बंद पडलं असतं."

"हो. पण तेव्हा पडलं असतं. त्या दिवशी नाही."

तिचे वडील खिडकीबाहेर बघत राहिले. निघताना ती जिन्यापर्यंत आली.

"सर, त्या बाईंच्या घरी तुम्ही जाल का? त्यांना सांगाल, की दिसल्याबरोबर मी चालू केलं होतं? एक सेकंदही थांबले नव्हते."

मी गेलो. तिथून ठाकुर्ली एका स्टेशनावर. नवरा घरीच होता, खांद्यावर मुलगी. आजी आत दूध गरम करत होती. तपासात काय निघालं, ते मी त्याला सविस्तर सांगितलं. त्याने सगळं शांतपणे ऐकलं. मग मी त्या इंजिनियर मुलीचा निरोप सांगितला.

"किती वाजता चालू केलं त्यांनी?" त्याने विचारलं.

"एक पन्नासला."

तो मुलीच्या पाठीवर थोपटत होता, तो हात थांबला.

"तेव्हा ती होती," तो म्हणाला. "पाणी मागत होती. नर्स म्हणाली, पाणी देऊ नका, नुसते ओठ ओले करा. मी रुमाल भिजवून करत होतो."

या प्रकरणाने काय शिकवलं, असं मला व्याख्यानांत विचारतात. मी सांगतो, की आयडी म्हणजे माणूस नव्हे, उताऱ्यावर विसंबू नका, मूळ नोंद मागा आणि कुणाच्या मृत्यूची बातमी चौकशीत हत्यार म्हणून वापरू नका. नवे अधिकारी लिहून घेतात. ते सगळं खरंच आहे. पण पुढचं मी तिथे कधी सांगत नाही.

दोन दिवसांनी त्या मुलीचा फोन आला. "सर, सांगितलंत का?"

"सांगितलं."

"काय म्हणाले ते?"

दुसऱ्याचं खोटं पकडण्यात माझी सगळी नोकरी गेली. मी म्हटलं, "काही नाही. बरं वाटलं म्हणाले."